शोभेची सात मतं

पाण्याचे मीटर दुरुस्त करणाऱ्या त्या वर्कशॉपमध्ये 'कंटेंडर' हा इंग्रजी शब्द जितका वापरला जाई, तितका तो इंग्रजांच्या घरातही वापरला जात नसेल. मीटर खोलून, धुऊन, पुन्हा जुळवल्यावर एखादा स्क्रू हातात उरला की कारागीर शेजाऱ्याला म्हणायचा, "हा बघ कंटेंडर." हातपाय धुवायच्या जागेत चार नळ होते. तिसऱ्याला कधीच पाणी येत नसे, पण तो काढला तर भिंतीत भोक दिसलं असतं. तो कंटेंडर नळ. कुणाच्या पोरीचं लग्न एका ठिकाणी पक्कं ठरलेलं असताना केवळ मामाचं मन राखायला आणखी एक मुलगा पाहून आले, तर ते कंटेंडर स्थळ. थोडक्यात, जे असायला तर हवं, पण ज्याच्याकडून काही होता कामा नये, त्याला तिथे कंटेंडर म्हणत.

हा अर्थ ज्याच्यामुळे रूढ झाला तो माणूस टेस्ट बेंचवर काम करायचा. दुरुस्त मीटर नळीला जोडायचा, मापाच्या टाकीत बरोबर शंभर लिटर पाणी सोडायचं आणि मीटर किती म्हणतो ते पाहायचं. मीटर अठ्ठ्याण्णव म्हणाला तर तो परत पाठवायचा, एकशे दोन म्हणाला तरी परत. आपल्या कामात एक लिटरचाही खोटेपणा न खपवून घेणारा हा गृहस्थ दर तीन वर्षांनी सोसायटीच्या निवडणुकीला उभा राहायचा आणि ठरल्याप्रमाणे सात मतं घेऊन पडायचा. एकवीस वर्षांत सात वेळा. त्याचं खरं नाव पगारपत्रकावर होतं. बाकी सगळीकडे तो कंटेंडर.

सुरुवात साबणापासून झाली. वर्कशॉपची एक कामगार कल्याण सोसायटी होती. साबण, गरम पाणी, कपाटं, कँटीनची बाकं, कुणी कुठल्या खिडकीशी बसायचं, असल्या जीवनमरणाच्या गोष्टी तिच्या हातात होत्या. अध्यक्ष म्हणजे वर्कशॉपचे फोरमन. तेव्हा ते नुकतेच फोरमन झाले होते आणि अध्यक्ष व्हायला दुसरं कुणी तयार नव्हतं. अडचण एकच. नियम असा की फॉर्म एकच आला तर निवडणूक रद्द, आणि सोसायटी चालवायला मुख्य कचेरीतून माणूस येणार. बाहेरचा माणूस येऊन आपल्या साबणाच्या वड्या मोजणार, हे कुणालाच नको होतं. शेवटच्या दिवशी, शेवटच्या अर्ध्या तासात, दुसरं नाव शोधत माणसं धावत सुटली. हा त्या वेळी नळावर तोंड धूत होता. तोंडभर साबण, डोळे मिटलेले.

"एक सही कर रे."

"कसली?"

"अरे कर, तुझ्या फायद्याची नाही."

फायद्याची नाही म्हटल्यावर माणूस निर्धास्त होतो. त्यानं एक डोळा किलकिला करून सही केली. फॉर्म जुना, इंग्रजीत छापलेला. वरच्या ओळीत अध्यक्ष म्हणून फोरमनचं नाव, खालच्या ओळीत 'नेम ऑफ कंटेंडर'. सहीवर साबणाचा एक थेंब पडून शाई पसरली, ती पसरलेलीच राहिली.

त्या पहिल्या निवडणुकीत त्याला शून्य मतं पडली. ते मुख्य कचेरीला बरं दिसेना. त्यांनी पत्र पाठवून विचारलं की हा उमेदवार स्वतःलाही मत देत नाही हे कसं? मग फोरमननी व्यवस्था लावून दिली, आणि फोरमनच्या व्यवस्था मोडत नसत. फेरमतदान झालं. चहाच्या डब्यात चिठ्ठ्या टाकायच्या, त्यातल्या सातांवर फुली. फुलीची चिठ्ठी निघेल त्यानं त्या खेपेला कंटेंडरला मत द्यायचं. टाकी घासायची पाळी यावी तशी ती पाळी. "यंदा माझ्या नशिबी शोभेचं मत आलंय," असं माणसं घरी सांगत. बाकीच्यांनी अध्यक्षांना द्यायचं. कंटेंडरच्या नातेवाइकांनी डब्यात हात घालायचा नाही, कारण घरच्या मताला शोभा नसते. खुद्द कंटेंडरनं अध्यक्षांनाच मत द्यायचं, आणि घडी घालण्याआधी चिठ्ठी त्यांना दाखवायची. यात अविश्वास नव्हता. फोरमन म्हणायचे, "तपासणी वेगळी आणि अविश्वास वेगळा. तू मीटर तपासतोस तो काय अविश्वास असतो?"

कंटेंडर चिठ्ठी दाखवत राहिला. एकवीस वर्षं.

आठव्या निवडणुकीच्या वर्षी दोन गोष्टी घडल्या. एक म्हणजे पलीकडच्या इमारतीतलं व्हॉल्व्ह खातं बंद झालं आणि तिथली तेवीस माणसं, आपल्या म्हाताऱ्या मिस्त्रीसकट, या वर्कशॉपमध्ये आली. पत्र्याचा एक आडोसा उभा करून त्यांना मागची बाजू दिली गेली. तिथे एक खिडकी होती. तिच्यासमोर फोरमननी फायलींचं कपाट लावलं. साबण त्यांना "पुढच्या यादीत" मिळणार होता.

दुसरी गोष्ट म्हणजे कंटेंडरची लेक स्टोअरमध्ये कारकून म्हणून लागली. परीक्षा देऊन, गुणांनी लागली. फोरमननी तिच्यासाठी शब्द टाकला होता की नाही हे कुणालाच ठाऊक नव्हतं. टाकला असं फोरमन कधी म्हणाले नाहीत, आणि टाकला नाही असंही म्हणाले नाहीत. ते फक्त अधूनमधून बेंचपाशी थांबून विचारायचे, "काय, पोरगी रमली ना?" आणि कंटेंडर मान हलवायचा. मान हलवताना दर वेळी ती थोडी खाली जायची.

लेकीनं पहिल्याच आठवड्यात तो शब्द ऐकला. सील मारणारा कारागीर, ज्याला सगळे सीलवाला म्हणत आणि ज्याच्या जिभेला स्वतःला मात्र सील नव्हतं, तो स्टोअरच्या खिडकीशी येऊन म्हणाला, "बाई, वायसर चोवीस द्या. आणि एक कंटेंडर."

"म्हणजे?"

"म्हणजे पंचविसावा. लागत नाही, पण असू दे."

तिनं पंचवीस वायसर दिले. मागून कुणी तरी हसलं, कुणी तरी हसणाऱ्याला कोपर मारलं, आणि मग सीलवाल्याच्या लक्षात आलं की आपण कुणाच्या मुलीशी बोलतोय. तो इतका ओशाळला की वायसर तिथेच विसरून गेला.

संध्याकाळी घरी आल्यावर तिनं कपाटावरचा शब्दकोश काढला. कंटेंडर जेवत होता. बायको वाढत होती.

"बाबा, त्यांना त्या शब्दाचा अर्थच माहीत नाही."

"एकवीस वर्षं वापरतायत. नसेल कसा माहीत?"

"ऐका. शर्यतीत दहा जण धावतात. ते सगळे कॉम्पिटिटर, म्हणजे स्पर्धक. नुसता भाग घेतला की झालं. पण कंटेंडर त्यातले दोघंतिघंच. जे जिंकू शकतात असे. लोक ज्यांच्यावर नजर ठेवून असतात असे." तिनं बोट ओळीवर ठेवलं. "जिंकण्याची खरी शक्यता असलेला. असं लिहिलंय. शक्यता नसेल तर तो शब्द वापरतच नाहीत."

"छापायची चूक असेल," तो म्हणाला.

"शब्दकोशात?"

"मग फॉर्मवर असेल."

बायको म्हणाली, "भाजी घ्या. सात वेळा पडलात तेव्हा अर्थ विचारला नाहीत, आता आठव्याला कशाला?" तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. सात निवडणुकांचे सात सदरे तिनं धुतले होते. दर खेपेला अध्यक्षांना हार कंटेंडरनंच घालायचा अशी पद्धत होती आणि फुलांचे डाग जाता जात नसत.

पण त्याचं जेवण तिथेच संपलं. माणसं हसतात याचं त्याला काही नव्हतं. एकवीस वर्षांत हसणारे निम्मे निवृत्त झाले होते. प्रश्न वेगळा होता. मतमोजणीला फळ्यावर रेघा ओढायचं काम स्टोअरच्या धाकट्या कारकुनाचं असे. म्हणजे यंदा लेकीचं. सगळ्या वर्कशॉपसमोर, हातात खडू घेऊन, ती बापाच्या नावाखाली सात रेघा ओढणार आणि थांबणार. ते होण्याआधी त्याला आपलं नाव त्या कागदावरून काढून घ्यायचं होतं. बाकी काही नको होतं. अध्यक्षपद नको, मान नको, फक्त त्या खालच्या ओळीतून सुटका.

दुसऱ्या दिवशी तो फोरमनच्या केबिनमध्ये गेला.

"साहेब, यंदा माझ्याऐवजी दुसरं कुणी पाहिलं तर?"

फोरमन वाईट माणूस नव्हते. ते आणि कंटेंडर एकाच वर्षी कामाला लागले होते, एकाच बेंचवर शिकले होते. फोरमनना फक्त बदल सहन होत नसे. त्यांनी चष्मा काढला.

"दुसरं कोण? नाव सांग."

"सीलवाला."

"तो मनावर घेईल. दोन दिवसांत स्वतःला खरंच उमेदवार समजायला लागेल. तुझं तसं नाही. तुझ्यावर डोळे मिटून विश्वास टाकावा."

डोळे मिटूनच सगळं झालं होतं, हे म्हणायचं कंटेंडरच्या ओठांवर आलं आणि तिथेच बसलं.

"आणि मी काय म्हणतो," फोरमननी चष्मा परत घातला, "पोरगी रमली ना?"

त्यानं मान हलवली आणि केबिनबाहेर आला. फॉर्म टेबलावर तयारच होता, नाव टाइप केलेलं, फक्त सही हवी. ती त्यानं बाहेर येण्याआधी केली होती. नेमकी कधी, ते त्याला आठवेना.

आता लेकीला सांगायचं उरलं होतं. ते त्यानं बसस्टॉपवर सांगितलं, बस दिसायला लागल्यावर, म्हणजे लांबण लागू नये.

"तू अध्यक्षांना मत दे."

"का?"

"घरच्यांनी मला द्यायचं नसतं. पद्धत आहे."

"आणि तुम्ही कुणाला देता?"

"अध्यक्षांना."

बस आली, दोघं चढली, दोन वेगळ्या बाकांवर बसली. उतरल्यावर तिनं विचारलं, "एकदाही नाही दिलंत? चुकून सुद्धा?"

"चुकून कसं देणार? दाखवावं लागतं."

चिठ्ठ्यांचा डबा फिरला तो जुन्याच यादीप्रमाणे. कुणी तरी विचारलं होतं, व्हॉल्व्हवाल्यांकडेही न्यायचा का? फोरमन म्हणाले, "सातच तर लागतात. घरातल्या घरात होतील. त्यांना कशाला त्रास." या वाक्यावर पुढे वर्कशॉपमध्ये बराच विचार झाला, पण तो पुढे. तेव्हा कुणालाच वाटलं नाही की त्या तेवीस माणसांना काही समजावून सांगायला हवं. सूर्य कुठे उगवतो हे पाहुण्याला कुणी सांगतं का?

मतदानाच्या आदल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत कंटेंडरचं भाषण असे. भाषण तीन वाक्यांचं, फोरमननीच लिहून दिलेलं, एकवीस वर्षांपूर्वीचं. ते तो पाठ म्हणायचा. ऐकणारे डब्यातून मान वर न काढता जेवत राहायचे आणि शेवटी दोन-चार टाळ्या पडायच्या. यंदा आडोशापलीकडची माणसंही आपापले डबे घेऊन येऊन बसली होती. त्यांचा म्हातारा मिस्त्री पुढच्याच बाकावर, कानामागे पेन्सिल खोचून.

कंटेंडर उभा राहिला. ओले हात पँटला पुसले.

"मित्रहो, अध्यक्षांनी आपल्यासाठी काय काय केलं आहे ते आपण रोज डोळ्यांनी पाहतोच आहोत."

म्हाताऱ्या मिस्त्रीनं सावकाश मान वळवून खिडकीसमोरच्या कपाटाकडे पाहिलं. मग त्याच्या माणसांनी पाहिलं. पहिलं हसू मागच्या बाकावरून आलं, खोकल्यासारखं.

"त्यांच्या कारभारानंतर माझ्यासारख्याला करायला काही उरलेलंच नाही."

आता तेवीसच्या तेवीस हसले. कुणी बाकावर थाप मारली. एक जण ओरडला, "साबणसुद्धा उरला नाही!" कंटेंडर गोंधळला. आजवर या वाक्याला कुणी हसलं नव्हतं. हे हसण्याचं वाक्य आहे असं त्याला कधी सुचलंच नव्हतं. त्यानं घाईघाईनं शेवटचं वाक्य म्हणून टाकलं.

"तरी निवडणुकीचा मान राहावा, एवढ्यासाठीच मी उभा आहे!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. चेहऱ्यावरची रेषही हलू न देता, समोरच्या माणसाची इतक्या गोड शब्दांत सालटी काढणारा वक्ता व्हॉल्व्हवाल्यांनी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. म्हातारा मिस्त्री उठून आला, त्याचा ओला हात दोन्ही हातांत धरून म्हणाला, "दादा, तुम्ही तर पोहोचलेले निघालात."

केबिनच्या दारात उभे असलेले फोरमनही हसत होते. त्यांना वाटलं, नवीन माणसं कंटेंडरला हसतायत. ती लवकर रुळली याचं त्यांना बरंच वाटलं.

मतदान स्टोअरमध्ये झालं. टेबलापलीकडे फोरमन, बाजूला पेटी, पेटीला सीलवाल्यानं मारलेलं शिशाचं सील. कंटेंडर आत गेला, अध्यक्षांच्या नावापुढे फुली मारली, चिठ्ठी उघडी करून दाखवली. त्याच्या अंगठ्याचा ओला डाग कोपऱ्यात उमटला आणि कागद तिथे फुगला. फोरमननी मान डोलावली. आडोशापलीकडच्या कुणाला हे दिसलं नाही, कारण आत एका वेळी एकच जण यायचा. एकसष्टपैकी एकसष्ट मतं पडली, गैरहजर कुणी नाही.

मोजायला मुख्य कारकून बसले. लेक खडू घेऊन फळ्यापाशी उभी राहिली. डावीकडे 'अध्यक्ष', उजवीकडे 'कंटेंडर', असं तिनंच लिहिलं. अक्षर सुंदर होतं. कंटेंडर मागच्या भिंतीला टेकून जमिनीकडे पाहत होता. सात रेघा झाल्या की मान वर करायची, हार उचलायचा, घालायचा, संपलं. कारकून एकेक चिठ्ठी उघडून वाचत होते आणि तो कानांनी उजव्या बाजूच्या रेघा मोजत होता. पाच. सहा. सात.

मग आठवी आली.

"अहो, सात झाली ना?" सीलवाला म्हणाला.

"झाली," कारकून म्हणाले, आणि नववी वाचली.

"हे नववं कुणाचं? कुणी पाळी नसताना दिलं?" सीलवाल्यानं खरोखरच मागे वळून विचारलं. जुनी माणसं एकमेकांकडे पाहू लागली. ज्यांच्याकडे फुलीच्या चिठ्ठ्या आल्या होत्या त्यांनी, न विचारता, आपण एकेकदाच मत दिल्याचं सांगून टाकलं. उजवीकडे अकरा झाली, पंधरा झाली. व्हॉल्व्हवाले मागे उभे राहून प्रत्येक मताला "हां!" म्हणत होते. फोरमननी हाराच्या पुड्याची गाठ सोडायला घेतली होती, ती ते पुन्हा बांधू लागले.

मधेच एक चिठ्ठी आली, कोपऱ्यात फुगलेली, वाळून सुरकुतलेली. कंटेंडरनं ती लांबूनच ओळखली. लेकीनंही ओळखली, बापाच्या हाताचे डाग ती लहानपणापासून आपल्या वह्यांवर पाहत आली होती. कारकून म्हणाले, "अध्यक्ष." तिनं डावीकडे रेघ ओढली. खडू तेवढ्यात मोडला. तिनं दुसरा घेतला.

शेवटी आकडे लिहिले गेले. अध्यक्ष एकतीस, कंटेंडर तीस.

कारकुनांनी दोनदा मोजलं. दोन्ही वेळा तेच निघालं. एक मत इकडचं तिकडे झालं असतं तर निकाल फिरला असता, हे गणित चौथीतल्या पोरालाही येतं. टेस्ट बेंचवर आयुष्य काढलेल्या माणसाला ते रेघ पुरी व्हायच्या आत आलं. हार त्यानंच घातला. घालताना तो आणि फोरमन एकमेकांच्या इतके जवळ होते की दोघांनाही दुसऱ्याचा श्वास ऐकू आला, आणि दोघांनाही तोच एक कागद दिसत होता.

बाहेर व्हॉल्व्हवाल्यांनी त्याला गराडा घातला.

"एका मतानं हो दादा, एका मतानं!" म्हातारा मिस्त्री हळहळत होता. "आमचे तेवीस मी छातीवर हात ठेवून सांगतो. तुमच्या बाजूचा कुणी तरी फुटला. तीस म्हणजे तुमचं स्वतःचं धरून ना?"

गराड्याच्या बाहेर लेक उभी होती, हातात खडूचा मोडका तुकडा.

"धरून," कंटेंडर म्हणाला.

आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं माप चुकीचं सांगितलं होतं. मिस्त्रीनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मग सापडेल तो. तीन वर्षं आहेत. पुढच्या वेळी आम्ही आहोतच."

बापलेक बसस्टॉपवर येऊन उभी राहिली.

"तू कुणाला दिलंस?" त्यानं विचारलं.

"तुम्ही सांगितलंत त्यांना."

"बरं केलंस."

"बाबा, मी एकटीनं ऐकलं नसतं तरी..."

"बस आली," तो म्हणाला. बस आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच फोरमननी बोलावलं. एका रात्रीत ते थकल्यासारखे दिसत होते. त्यांनी एक टाइप केलेला कागद पुढे केला. यापुढे मी सोसायटीच्या कोणत्याही निवडणुकीस उभा राहणार नाही, असं त्यावर लिहिलं होतं.

"तुझीच इच्छा होती ना? घे. सुटलास. सही कर."

एवढंच तर हवं होतं. एकवीस वर्षं नाही म्हटलं तरी याच कागदाची वाट पाहिली होती. त्यानं पेन उचललं. दाराच्या काचेतून आडोशापलीकडची दोन डोकी इकडे पाहताना दिसत होती.

"घरी विचारतो," तो म्हणाला. या केबिनमध्ये हे वाक्य त्यानं कधी उच्चारलं नव्हतं. फोरमनना ते कळायला थोडा वेळ लागला. त्यानं कागदाची घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि बेंचवर आला.

बेंचवर एक व्हॉल्व्हवाला आधीच येऊन थांबला होता. "दादा, ते खिडकीसमोरचं कपाट. तेवढं बघा ना."

"मी पडलोय."

"एका मतानं. त्याला काय पडणं म्हणतात?"

तो बाजूला होत नव्हता. कंटेंडरनं खिशातला कागद काढला, मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलनं 'कपाट' असं लिहिलं, तेव्हा कुठे तो गेला. दुपारी दुसरा आला. मग तिसरा. गरम पाणी दुपारनंतर येत नाही. आडोशाचा पत्रा खिळ्यावरून निसटलाय. साबण. आणखी एकदा साबण. जुनी माणसं मात्र त्याच्यापासून चार हात लांब राहू लागली. सीलवाला चहा आणायचा तो बंद झाला. ज्यांच्याकडे फुलीच्या चिठ्ठ्या होत्या ते सात तर त्याच्याकडे पाहीनासे झाले, जणू त्यांनीच काही गुन्हा केला होता. आडोशाच्या अलीकडे उरलेला स्क्रू अजूनही कंटेंडरच होता. पलीकडे तो शब्द आदरानं घेतला जाई, जवळजवळ शब्दकोशात होता तसा. टेस्ट बेंच बरोबर मधे होता आणि पाण्याची नळी सोडायला त्याला दिवसातून दहा वेळा दोन्हीकडे जावं लागे.

आठवड्यानं फोरमन स्वतःच बेंचपाशी आले. आजूबाजूला कुणी नाही असं पाहून हळूच म्हणाले, "तो कागद?"

कंटेंडरनं टाकीचा नळ बंद केला. खिशातून कागद काढून दिला. फोरमननी सहीची जागा पाहिली. ती कोरी होती.

"हे बघ," ते म्हणाले, "त्या दिवशी तू फुली कुठे मारलीस ते मी पाहिलंय. त्या लोकांना कळलं तर काय म्हणतील? ज्यानं स्वतःलाच मत दिलं नाही..."

"सांगा," कंटेंडर म्हणाला. त्याच्या आवाजात धाडस नव्हतं, नुसता थकवा होता. "मी का दाखवली तेही सांगावं लागेल. मग डब्याचंही सांगावं लागेल. सात चिठ्ठ्यांचंही."

मुख्य कचेरीतून येणारा माणूस दोघांच्याही डोळ्यांसमोर एकदम उभा राहिला. फोरमननी कागद घडी घालायला उलटा केला आणि थांबले.

"मागे काय आहे हे?"

"कामं."

फोरमननी चष्मा चढवला. यादी वरपासून खालपर्यंत वाचली. पेन्सिलीचं बारीक अक्षर, काही ओळींवर ओल्या अंगठ्याचे डाग. आडोशापलीकडून कुणी तरी वाकून पाहत होतं, दोघं एकत्र उभे आहेत म्हणजे काही तरी ठरतंय, अशा आशेनं.

"साबण तर मागच्या महिन्यात दिला होता," फोरमन शेवटी म्हणाले.

"आडोशाच्या अलीकडे दिलात," कंटेंडर म्हणाला, आणि पुढचा मीटर नळीला जोडायला घेतला. "तोही संपला."